संकटकाळचे दार झाकू नका

(खांडबारा येथे वसतिगृहांच्या अधीक्षिका, शिक्षक, पाळक आणि मंडळ्यांचे वडीलजन यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेले भाषण)



आगीपासून संरक्षण हा विषय मला दिला आहे. विषय मोठा आहे. स्वयंपाकघरातला गॅस, जुनी वायरिंग, मोबाइलचे चार्जर यांबद्दल दुपारच्या सत्रात ऐकायला मिळेलच. मी त्यातली एकच गोष्ट घेते: काचेचे संकटकालीन दार, आणि त्या दारावर आपण जे टांगतो, चिकटवतो किंवा त्याला टेकवून ठेवतो ते सगळे.

आपल्या भागातली बांधकामाची रीत गेल्या काही वर्षांत बदलली. जुनी बोर्डिंगे कौलारू होती, दारे लाकडी होती. आता देणगीतून जी सभागृहे आणि वसतिगृहे उभी राहतात, त्यांत ॲल्युमिनियमच्या चौकटीत काच बसवलेली दारे येतात. नकाशात बाजूच्या एका दारावर ‘संकटकालीन मार्ग’ असे लिहिलेले असते. इमारत पूर्ण होते, समर्पणाची उपासना होते, आणि थोड्याच दिवसांत त्या दारावर पडदा चढतो. मग पडद्यापुढे कपाट येते, कपाटाशेजारी गाद्यांची चवड. वर्षभरात आलेल्या नव्या मुलींना तिथे दार आहे हे ठाऊकच नसते.

पडदा लावणारी व्यक्ती निष्काळजी असते असे मी म्हणणार नाही. तिची कारणे खरी असतात. पहिले कारण मुलींची लाज आणि सुरक्षितता. रात्री आत दिवा लागला की काचेतून आतले सगळे बाहेर दिसते. आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात आणि आपली लेक त्यांनी आपल्या भरवशावर ठेवलेली असते. अधीक्षिकेला रात्री झोप लागत नाही ती त्यामुळेच. दुसरे कारण ऊन. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेच्या काचेतून उन्हाची भट्टी आत येते. तिसरे कारण शोभा. नाताळ आला, वार्षिक सभा आली, पाहुणे आले की आपल्याला मागची भिंत सलग, सजलेली हवी असते.

ही तिन्ही कारणे मान्य करूनच पुढे बोलायचे आहे. नुसते ‘पडदा काढा’ असे सांगून मी निघून गेले, तर संध्याकाळपर्यंत पडदा परत लागेल, आणि लावणारीचे चुकले असे मला म्हणता येणार नाही.

आधी शास्त्राकडे पाहू. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातल्या आठव्या वचनात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की, धाब्याला कठडा बांध, नाहीतर कोणी वरून पडले तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. इस्राएल लोक धाब्यावर झोपत, धान्य वाळवत, पाहुण्यांना बसवत. म्हणजे धाबे ही रोजच्या वापराची जागा होती. देवाने तिथे केवळ ‘जपून चाला’ असे सांगितले नाही. कठडा बांधायला सांगितला आणि जबाबदारी घरमालकावर टाकली. पडणाऱ्याच्या चुकीची चर्चा त्या वचनात नाही. माझ्या मते अग्निसुरक्षेचा सगळा कायदा याच वचनाचा विस्तार आहे. इमारत ज्याची, कठडाही त्याचाच.

आता पडद्याने काय होते ते पाहू. ३० डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात इरोक्वाय नावाच्या नाट्यगृहाला आग लागली. नाताळच्या सुटीतला दुपारचा खेळ होता, त्यामुळे प्रेक्षकांत बायका आणि मुलेच जास्त होती. नाट्यगृह नवे होते. उघडून दीड महिनाही झाला नव्हता. बाहेर पडायला दारे पुष्कळ होती, पण त्यांतली अनेक शोभेच्या पडद्यांमागे लपलेली होती. काहींच्या कड्या अशा नव्या तऱ्हेच्या होत्या की लोकांना त्या उघडता येईनात. काही जण ज्यांना दारे समजून ढकलत होते, त्या खिडक्या निघाल्या. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या इमारतीत दारांची कमतरता नव्हती. दार ओळखू येत नव्हते आणि उघडत नव्हते.

त्या आगीनंतर अमेरिकेत एक साधी वस्तू तयार झाली आणि १९०८ पासून विकली जाऊ लागली. दाराला कमरेच्या उंचीवर एक आडवी दांडी असते. बाहेरून दार बंद राहते, आतून दांडीवर अंग टाकले की उघडते. किल्ली लागत नाही, कडी शोधावी लागत नाही. बाजारात तिला पॅनिक बार म्हणतात. मोठ्या दुकानांत, चित्रपटगृहांत आपण ती पाहिली असेल. ती लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

आपल्या देशातही हेच घडले आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली. खालच्या मजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून सुरू झालेल्या आगीचा धूर वर चढला आणि बाल्कनीत भरला. बाल्कनीच्या उजव्या बाजूची वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जण गेले, बहुतेक गुदमरून. बरेच मृतदेह स्वच्छतागृहात सापडले. बाहेरची वाट मिळाली नाही म्हणजे माणूस जे दार दिसेल त्यात शिरतो. मुले तर पलंगाखाली आणि कपाटातही शिरतात.

तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला आग लागून ९४ मुले गेली. आग स्वयंपाकाच्या जागेत लागली आणि छपराचा गवती शाकार पेटला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि १३ एप्रिल २००९ रोजी निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आलाच. शाळांच्या इमारती राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे हव्यात, आग विझवण्याची साधने हवीत, शिक्षक आणि कर्मचारी यांना ती वापरण्याचे शिक्षण हवे. आपली शाळा खेड्यातली, आपली मुले गरीब, म्हणून आपल्याला सूट मिळेल असे त्यात कुठे नाही.

ती राष्ट्रीय इमारत संहिता काय म्हणते? २०१६ च्या संहितेचा चौथा भाग आगीविषयी आहे. बाहेर पडण्याचे मार्ग निर्वेध असावेत, स्पष्ट दिसावेत आणि तिथवरची वाट खुणांनी दाखवलेली असावी. दार बाहेरच्या दिशेने उघडावे. आतल्या माणसाला ते किल्लीशिवाय उघडता यावे. आणि एक बारीक नियम आहे, तो मला फार शहाणपणाचा वाटतो: अशा दारावर आरसा लावू नये, कारण आरशात पाहून माणसाला दिशेचा भ्रम होतो. अमेरिकेची जीवनसुरक्षा संहिता याहून उघड शब्दांत बोलते. बाहेर पडण्याच्या दारावर पडदे किंवा झालरी लावू नयेत, आणि दार लपेल अशा तऱ्हेने शेजारीही टांगू नयेत. पाण्याचे स्वयंचलित फवारे नसलेल्या शाळेत भिंतींवर चिकटवलेली चित्रे आणि तक्ते भिंतीच्या एक-पंचमांशाहून अधिक जागा व्यापू नयेत, असेही त्यात आहे. संडे स्कूलचे वर्ग पाहिले की मला हा नियम आठवतो.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्याखाली जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा ती वापरणाऱ्याची आहे. बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. ते कागद कोणाकडे आहेत, हे प्रत्येक कार्यकारिणीने विचारावे. पण कागद दिवसा तयार होतो आणि पडदा रात्री ओढला जातो. म्हणून कागद झाला तरी आपले काम उरतेच.

आता धुराबद्दल दोन शब्द. बहुतेकांना वाटते की आगीत माणूस जळून मरतो. बहुतेक वेळा तो धुराने मरतो. गरम धूर वर जातो, छताखाली साचतो आणि तिथून खाली उतरतो. श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते, म्हणून मुलांना आपण गुडघ्यांवर रांगत बाहेर पडायला शिकवतो. रांगणाऱ्या मुलीला दाराचा कोणता भाग दिसतो? खालचा. आणि पडदा, गाद्या, चपलांचे रॅक हे सगळे नेमके खालीच असते. दाराच्या वर लावलेली हिरवी पाटी तोवर धुरात गेलेली असते. त्यात पडदा सिंथेटिक असेल तर तो वितळून थेंब थेंब गळतो आणि वाटेतच आग पेटते.

तर मग करायचे काय? माझ्या मते सात गोष्टी करण्यासारख्या आहेत.

पहिली: कोणते दार संकटकाळचे, ते आधी ठरवा. प्रत्येक काचेचे दार तसे नसते. झोपण्याच्या खोलीला आणि सभागृहाला एकमेकांपासून दूर असलेल्या दोन वाटा हव्यात. त्या दोन ठरल्या की उरलेल्या काचांवर हवे तेवढे पडदे लावा. या दोन दारांना मात्र हात लावायचा नाही. त्यांच्यापुढची जमीनही मोकळी हवी, आतून आणि बाहेरून. आतून दार रिकामे आणि बाहेर सरपणाचा ढीग, असेही पाहायला मिळते.

दुसरी: लाज राखायची तर काचेवरच दुधी फिल्म चिकटवा, पडदा टांगू नका. फिल्म काचेला सपाट बसते, पेट घेणारे लोंबते कापड तिथे राहत नाही. तिच्यातून उजेड येतो, त्यामुळे दार दार म्हणूनच ओळखू येते. फिल्म फक्त काचेवर लावायची. दांडी, कडी, बिजागऱ्या, कडा आणि पाटी यांवर काही येता कामा नये. आरशासारखी चमकणारी फिल्म घेऊ नका. दिवसा तिच्यातून बाहेरच्याला आतले दिसत नाही हे खरे. पण रात्री आत दिवा आणि बाहेर अंधार असला की गणित उलटते. बाहेरच्याला आतले दिसते आणि आतल्या मुलीला दारात स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. म्हणजे ज्या वेळी लाज राखायची त्याच वेळी ती राखली जात नाही, आणि आरशाचा दोष वर येतो. कपडे बदलण्याची जागा तर मुळातच दारापासून दूर, आडोशाला हवी.

तिसरी: काच कोणती आहे ते बसवणाऱ्याला विचारा. साधी काच आगीच्या उष्णतेने तडकते. गडद फिल्म उन्हाची उष्णता शोषते, आणि साधी काच त्यानेही तडकू शकते. कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच फुटली तर तिचे बारीक बोथट तुकडे होतात, पण ती मुलीच्या हाताने किंवा खुर्चीनेही सहज फुटत नाही. जाड सुरक्षा फिल्म तर फुटलेली काचही धरून ठेवते. म्हणून ‘वेळ आली तर काच फोडू’ या भरवशावर कोणी राहू नये. दार उघडले पाहिजे. जिन्याशी किंवा मार्गिकेत खास अग्निरोधक दार असेल, तर त्याचे प्रमाणपत्र काच, चौकट, कडी मिळून अख्ख्या दाराचे असते. तिथे उत्पादकाला विचारल्याशिवाय काहीही चिकटवू नका, रंगवू नका, खिळे ठोकू नका.

चौथी: ऊन अडवायचे ते बाहेरून अडवा. काचेतून ऊन आत आले की पडद्यामागेही उष्णता आतच राहते. बाहेर छज्जा केला किंवा थोडे अंतर ठेवून विटांची आडभिंत घातली, तर ऊन काचेपर्यंत पोचत नाही. त्याच आडभिंतीने रस्त्यावरच्या माणसाची नजरही अडते. दोन कामे एका भिंतीत होतात. मात्र दार पूर्ण उघडून मुली दोन्ही बाजूंनी निघू शकतील एवढे अंतर हवे. आपल्याकडे कुडाचा आडोसा पटकन होतो, पण कूड जळतो. दारासमोर तो नको.

पाचवी: कुलूप. काही ठिकाणी रात्री आतून साखळी घालून कुलूप लावतात आणि किल्ली अधीक्षिकेच्या उशाखाली असते. कारण विचारले की सांगतात, कोणी आत येऊ नये आणि कोणी मुलगी बाहेर जाऊ नये. पहिल्या भीतीचे उत्तर मघाची आडवी दांडी आहे: बाहेरून बंद, आतून उघडी. दुसऱ्या भीतीचे उत्तर घंटी आहे. दार उघडले की वाजणारी बॅटरीची घंटी लावा. कोणी दार उघडले तर अधीक्षिका जागी होईल. कुलूप मुलीला थांबवते, पण धुरातही थांबवते. घंटी फक्त कळवते. सध्या पॅनिक बारला पैसे नसतील, तर सर्वांत लहान मुलीच्या हाताला पोचेल आणि सहज सरकेल अशी एकच साधी कडी ठेवा. वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या नकोत.

सहावी: खूण. हिरव्या पाटीवर पांढरा माणूस दाराकडे धावतो आहे, ही खूण जपानमध्ये तयार झाली आणि आज जगभर चालते. आपल्या मुली घरी मावची, भिली, कोकणी बोलतात. पहिलीतल्या मुलीला इंग्रजीतला ‘एक्झिट’ वाचता येत नाही आणि मराठी अक्षरेही नुकतीच ओळखीची होत असतात. चित्र तिला कळते. एक पाटी दारावर आणि एक गुडघ्याच्या उंचीवर, शेजारच्या भिंतीवर लावा. अंधारात चमकणारी घ्या. वीज गेली तरी चालेल असा बॅटरीचा एक दिवा त्या वाटेवर ठेवा. आणि काच अगदी स्वच्छ, पारदर्शक असेल तर तिच्यावर मोठ्यांच्या आणि मुलांच्या नजरेच्या उंचीवर ठळक पट्टी लावा, नाहीतर धावणारे मूल तिच्यावर आदळते. काच पूर्ण झाकणे जसे चूक, तसे ती मुळीच न दिसणेही धोक्याचे.

सातवी: नाताळ. आपली सभागृहे वर्षातून एकदाच खच्चून भरतात, आणि त्याच रात्री त्यांत जळणाऱ्या वस्तू सर्वांत जास्त असतात. गव्हाणीचे गवत, थर्माकोल, कागदी चांदण्या, रोषणाईच्या माळा आणि मेणबत्त्या. देखाव्यासाठी मागची भिंत कापडाने मढवली जाते आणि तिच्यातले दार त्याखाली जाते. यंदा प्रत्येक सजावट समितीत एक माणूस असा नेमा की त्याचे काम सजवण्याचे नसेल, दारे मोकळी ठेवण्याचे असेल. कार्यक्रमाच्या आधी पाळकांनी किंवा निवेदकाने लोकांना दोन्ही वाटा हाताने दाखवाव्यात. अर्धे मिनिट लागते. विमानात हेच करतात आणि तिथे कोणाला ते अशुभ वाटत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्रोवस गावची एक सभा आहे. वरच्या मजल्यावरची खोली, पुष्कळ दिवे, पौलाचे मध्यरात्रीपर्यंत चाललेले भाषण, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण. त्याला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. देवाच्या कृपेने तो वाचला. पण त्या वृत्तांतावरून एवढे नक्की कळते की पवित्र सभेतही माणसे पडतात. प्रार्थना चालू आहे म्हणून खिडकी सुरक्षित होत नाही.

आता सराव. वरच्या सातही गोष्टी केल्या तरी त्या खऱ्या आहेत की नाहीत हे एकाच परीक्षेने कळते. रात्री, मुली जाग्या असताना, त्यांना आधी समजावून सांगून दिवे मालवा. वसतिगृहातल्या सर्वांत लहान मुलीला तिच्या अंथरुणापासून रांगत त्या दारापर्यंत जायला सांगा. तिने ते ओळखावे, एकटीने उघडावे आणि बाहेर ठरलेल्या झाडाखाली जाऊन उभे राहावे. तिला ते जमले तर ते दार आहे. नाही जमले तर नकाशात काहीही लिहिलेले असो, ती भिंतच आहे. सगळ्या बाहेर आल्या की हजेरीपटावरून मोजणी करा. म्हणून हजेरीपटाची एक प्रत आतल्या कपाटात न ठेवता वॉचमनकडे असू द्या. हा सराव शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुटीनंतर एकदा करा, कारण प्रत्येक सुटीनंतर काही मुली नव्या असतात आणि काही विसरलेल्या असतात.

१०१ आणि ११२ हे क्रमांक भिंतीवर लिहाच. पण हेही ध्यानात असू द्या की बंब नवापूरहून किंवा नंदुरबारहून यायचा. रस्त्याला लागणारा वेळ लागणारच. पहिली काही मिनिटे आपली आणि त्या मुलींची आहेत. त्या मिनिटांत उपयोगी पडते ते दारच.

खर्चाचा प्रश्न विचारला जाईल, म्हणून आधीच सांगते. पडदा काढायला, गाद्या हलवायला, साखळी उतरवायला आणि सराव घ्यायला पैसा लागत नाही. दुधी फिल्म, पाटी, घंटी आणि दिवा यांचा खर्च मंडळीला झेपण्याजोगा आहे. पॅनिक बार आणि आडभिंत यांना पैसे लागतील. त्यासाठी कार्यकारिणीने ठराव करावा. देणगीदारांना आपण नव्या इमारतीची छायाचित्रे आनंदाने पाठवतो. तेवढ्याच आनंदाने त्यांना लिहा की आम्हांला दोन दारे उघडती करायची आहेत. समजूतदार देणगीदार याला नाही म्हणणार नाही.

शेवटी अधीक्षिका भगिनींना एक विनंती. तुमच्यावर दोन ओझी आहेत: मुलींना बाहेरच्यापासून राखायचे आणि आतल्या संकटातून बाहेर काढायचे. आजवर तुम्हांला कोणी साधने दिली नाहीत, म्हणून तुम्ही हाताशी असलेला पडदा आणि हाताशी असलेले कुलूप वापरले. त्याबद्दल कोणी तुम्हांला बोल लावू नये. पण आज परत गेल्यावर त्या दारासमोर एकदा उभ्या राहा, आणि काय काय हवे त्याची यादी करून कार्यकारिणीच्या हातात द्या. वडीलजनहो, ती यादी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घ्या. ऊसतोडीच्या तळावर झोपलेल्या आई-बापांनी त्या मुली आपल्या हवाली केल्या आहेत.

प्रभू आपल्या हातांना हे काम लवकर पुरे करण्याचे बळ देवो. आमेन.